अनुभव धागा: दुखत असताना कोण काय बोललं?

ड्रेसिंग, बाळंतपण, रूट कॅनाल, ऑपरेशननंतरची पहिली रात्र. तेव्हा डॉक्टर, सिस्टर, मावशी किंवा घरचं माणूस काय बोललं आणि त्याने दुखणं हललं का, एवढंच लिहा. बिलांच्या तक्रारी इथे नकोत.

~

कुकरच्या वाफेने हात भाजला होता, गॉझ चिकटून बसलेलं. सकाळच्या सिस्टर "एवढं काय ओरडताय" म्हणत ओढायच्या. संध्याकाळच्या आधी सलाईनचं पाणी सोडून गॉझ भिजू द्यायच्या. "काकू, हा कोपरा जास्त दुखेल. हात वर करा, मी थांबेन." त्या थांबतील हे माहीत असल्याने मी क्वचितच हात वर केला. (गॉझ भिजल्याने कमी दुखलं असेलच, पण सगळं श्रेय पाण्याला देणार नाही.)

~

लेबर रूममधला तो टोमणा बायकांना पाठ असेल, पुन्हा लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला आयामावशी कंबर चोळत म्हणाल्या, "ओरड गं बाई, इथे कोण ऐकतंय!" कळा तशाच होत्या, पण सोसवल्या.

~

मी भूलतज्ज्ञ. १९६४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट. त्यातल्या सुमारे निम्म्यांना भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री भेटून सांगितलं की कुठे दुखेल, किती काळ, कूस कशी बदलायची. नंतरही भेटत राहिला. त्यांना मॉर्फिन जवळपास निम्मंच लागलं आणि घरीही लवकर सोडलं. कोण कोणत्या गटात, हे सर्जनना ठाऊक नव्हतं. यात "काही दुखणार नाही" असं कोणी म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. अर्थात लिस्टवर आठ केसेस असल्या की अशी भेट सगळ्यात आधी कापली जाते.

~

माझं उलटं. डेंटिस्ट "अरेरे, फार दुखतंय ना" म्हणत राहिले आणि मला घाम फुटला. मुकाट्याने पटपट आटपणारे बरे.

~

बाबांचा कॅन्सर हाडांत पसरला होता. पॅलिएटिव्हच्या (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेच्या) सिस्टर म्हणाल्या, किती दुखतंय त्याचा शून्य ते दहा आकडा विचारत जा. बाबांना ते परीक्षेचे मार्क वाटायचे. मग त्यांनीच रुपया ठरवला. "आज आठ आणे." मी शेजारी बसून कुठे, कसं, विचारत राहिलो की कधीकधी चार आण्यांवर यायचं. बारा आणे म्हणाले की बोलत बसायचं नाही, सिस्टरनी लिहून दिलेला जादा डोस लगेच द्यायचा.

~

हे आजीला विचारून बघते. ती "बरी आहे"च्या पुढे जातच नाही.