इलॅस्टिक ट्रान्झिशनमध्ये (जिथे क्रिस्टलचा आकारच बदलतो) लँडाउची थिअरी बरोबर कशी काय येते?

एमएस्सी_पार्ट२:
क्लासमध्ये सरांनी सांगितलं की क्रिटिकल पॉइंटजवळ मीन फील्ड (म्हणजे लँडाउची थिअरी, जी सरासरीच धरते) फसतं, बीटा (ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे ट्रान्झिशन किती झालं याचं माप, ट्रान्झिशनजवळ कसा शून्यावर जातो त्याचा घातांक) 0.5 यायला हवा पण द्रव-वायूमध्ये 0.33 च्या आसपास येतो, कारण फ्लक्च्युएशन्स, म्हणजे जागोजागी सरासरीपासून होणारे चढउतार. इथपर्यंत कळलं. पण पॅराटेल्युराइटबद्दल (टेल्युरियम डायऑक्साइडचं क्रिस्टल, दाबाखाली त्याचा आकार बदलतो) वाचलं तर तिथे म्हणे ट्रान्झिशनला अगदी चिकटून गेलं तरी लँडाउच चालतो. मग घन पदार्थात फ्लक्च्युएशन्स नसतातच का?

जुना_फोनॉन:
असतात की! स्ट्रॉन्शियम टायटॅनेट बघ. 105 केल्विनच्या खाली क्यूबिकचं टेट्रागोनल होतं, ऑक्सिजनचे ऑक्टाहेड्रा एक इकडे तर शेजारचा तिकडे असे फिरतात. म्युलर (तेच, 1987 चं नोबेलवाले) आणि बर्लिंगर यांनी 1971 मध्ये ईपीआरने (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सने) तो फिरण्याचा कोन मोजला, ट्रान्झिशनजवळ बीटा 0.33 च निघाला. पण तिथे ऑर्डर पॅरामीटर म्हणजे ते फिरणं, स्ट्रेन (क्रिस्टलचा आकार किती बदलला ते) नुसता मागोमाग येतो. पॅराटेल्युराइटमध्ये स्ट्रेन हाच ऑर्डर पॅरामीटर, सगळी गोम तिथे आहे.

क्रिस्टलवाली:
वरच्यांना जोडून. स्ट्रेन कुठेही मनाला येईल तसा बदलू शकत नाही, कारण क्रिस्टल फाटायला नको, एका जागी शिअर (थर एकमेकांवर सरकवणारा स्ट्रेन) दिला की आजूबाजूला दुसऱ्या प्रकारचा स्ट्रेनही येतोच आणि त्याचे इलॅस्टिक कॉन्स्टंट (ताठपणाची मापं) चांगले कडक असतात, म्हणजे ते फ्लक्च्युएशन महागात पडतं. स्वस्त पडतात फक्त ठराविक दिशेच्या लहरी. पॅराटेल्युराइटमध्ये ती 110 दिशेची शिअर वेव्ह, साध्या दाबालाच सेकंदाला 620 मीटरच्या आसपास रेंगाळते (म्हणून तर ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणाऱ्या अकूस्टो-ऑप्टिक डिव्हाइसमध्ये हे क्रिस्टल वापरतात) आणि दाब 0.9 गिगापास्कलच्या आसपास नेला की तिचा वेग शून्याकडे जातो. बाकी दिशांना काहीच मऊ होत नाही. इतक्या थोड्या लहरींची फ्लक्च्युएशन्स तीन मितींत मीन फील्डला हलवू शकत नाहीत. काउलीने 1976 मध्ये कुठल्या सिमेट्रीत किती दिशा मऊ होतात याचं वर्गीकरणच केलंय, ते नक्की वाच.

एमएस्सी_पार्ट२:
ओके, दिशेचं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) मार्टेन्साइटलाही, म्हणजे थंड केल्यावर त्याची रचना बदलते त्या ट्रान्झिशनलाही, बीटा 0.5 धरायचा?

जुना_फोनॉन:
नाही रे. ते फर्स्ट ऑर्डर आहे, स्ट्रेन एकदम उडी मारतो, तापवताना आणि थंड करताना तापमानं वेगळी येतात. बीटा काढायला ऑर्डर पॅरामीटर हळूहळू शून्यावर यायला लागतो ना, तिथे तो येतच नाही.