शेवटचा मजला, पश्चिमेची खिडकी आणि सासूबाईंची खोली : नवतप्याच्या (मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या) आत काय करता येईल?

वऱ्हाडची सून (अकोला)

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीकडची, लग्न होऊन अकोल्यात आले. माहेरी उन्हाळा म्हणजे पंखा दोनवरून चारवर. इथे एप्रिलच्या मध्यालाच दुपारी खिडकीचे गज हाताला चटका देतात.

आम्ही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर भाड्याने राहतो. डोक्यावर थेट स्लॅब. सासूबाईंची खोली बारा बाय बारा. मोठी खिडकी पश्चिमेला, तिच्यात कूलर. उत्तरेला एक छोटी खिडकी आहे, पण धूळ येते म्हणून ती बंदच असते. दुपारचं ऊन एक वेळ सोसतं, खरी परीक्षा रात्री. जेवणं उरकून गच्चीवर जावं तर छान वारा, आणि खाली खोलीत आलं की छताची धग डोक्यावर जाणवते. पंखा तीच धग खाली ढकलतो.

कूलर लावला की पहिला तासभर बरं वाटतं. मग उशी दमट, चादर दमट, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंसुद्धा वाकतात. सासूबाई म्हणतात, "बंद कर वं तो, अंग चिकचिक करून राहिलं." त्यांचं वय ७४, बीपीची गोळी चालू. एसीला त्यांचा ठाम नकार, गुडघे धरतात म्हणे. शिवाय वायरिंग जुनं आणि घरमालक नवीन लाइन टाकून देणार नाहीत.

गच्चीवर रोज पाणी मारू का? पण नळाला पाणी रोज नसतं. कूलरमध्ये बर्फ टाकला तर? आतून छताला थर्माकोल लावतात, तो कुणी लावलाय का? घर आमचं नाही, त्यामुळे फार खर्चाचं सांगू नका.

डोंबिवलीकर

कूलर विकून टाका. आमच्याकडे दोन उन्हाळे वापरून माळ्यावर टाकला. दमटपणाशिवाय काही देत नाही. छोटा इन्व्हर्टर एसी घ्या, २६ वर ठेवा आणि सोबत पंखा हळू लावा. गार झोत अंगावर येत नाही, त्यामुळे गुडघ्यांची तक्रारही कमी होते. बिलाचं म्हणाल तर २४ वरून २६ ला नेलं तरी फरक दिसतो.

जुना ओव्हरसिअर (नागपूर)

ताई, कूलर विकू नका बाप्पा! डोंबिवलीचा सल्ला डोंबिवलीत अगदी बरोबर आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४ वर आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २३ दाखवतो. कूलरची हवा त्याच्या खाली जाऊच शकत नाही, पण ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे पाणी झिरपणारे पडदे, नीट भिजत असतील तर २७-२८ पर्यंत येते. तिकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर तोच आकडा २८ च्या वर जातो. सगळा खटाटोप करून हाती येणार चार अंश, वर चिकचिक. त्यांनी माळ्यावर टाकला ते योग्यच केलं.

आता तुमच्याकडे चिकचिक का? तुमचा कूलर कोंडला आहे. ती उत्तरेची छोटी खिडकी बंद आहे ना, तीच सगळी गोम. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ओली करून आत टाकतो. ती हवा एकदा अंगावरून गेली की बाहेर पडली पाह्यजे. पडली नाही तर तीच ओली हवा खोलीत साचते, घाम सुकत नाही आणि कूलरच्या नावाने शिव्या सुरू होतात. उत्तरेची खिडकी उघडा, धुळीसाठी जाळी लावा. वर्तमानपत्राची वीतभर पट्टी कापून त्या खिडकीच्या गजाला चिकटवा. कूलर सुरू केल्यावर पट्टी बाहेरच्या बाजूला झुकून फडफडली पाह्यजे. सरळ लोंबत असेल तर हवेला वाट कमी पडते आहे, मग दारही थोडं उघडा. पट्टी आत झुकली तर बाहेरचा वारा उलटा येतोय. तेव्हा ती खिडकी लावून घ्या आणि हवा दारातून पुढच्या खोलीच्या खिडकीने काढा. खोलीतली सगळी हवा दोन मिनिटांत एकदा बदलली पाह्यजे, हा जुना हिशोब. तुमच्या खोलीला मिनिटाला सातशे-साडेसातशे घनफूट हवा लागेल. कूलरच्या मागे लिहिलेलं असतं, पाहून घ्या.

रात्री दहा-अकरानंतर बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की पंप बंद करा, नुसता कूलरचा पंखा चालू ठेवा. चादर दमट होणार नाही आणि सासूबाईंची कुरकुरही थांबेल.

बर्फाचं म्हणाल तर उगीच खर्च. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, तिच्या सातपट एक किलो पाणी वाफ होताना खातं. आणि पाण्याची वाफ तर तुमच्या ताट्यांवर फुकट होतेच आहे. गच्चीवर पाणी मारण्यापेक्षा ते कूलरला ठेवा, भर उन्हात तो तासाला आठ-दहा लिटर सहज पितो.

आता स्लॅब. हे मुख्य आहे, कूलर त्याच्यानंतर. गच्चीचा माथा दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यात जास्त तापतो, पण ती उष्णता चार-पाच इंच काँक्रीटमधून खाली यायला तीन-चार तास लागतात. म्हणून तुमचं छत संध्याकाळी पेटतं आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत बसतं. ही उष्णता आत आल्यावर तिच्याशी भांडण्यापेक्षा वरच अडवा. गच्चीला चुना मारा, पांढरा माथा ऊन परत फेकतो.

कळीचा चुना, म्हणजे न विरवलेले चुन्याचे खडे, आणायचा. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग चुना थोडा थोडा टाकायचा. प्लास्टिकची बादली अजिबात नको, चुना अक्षरशः उकळतो. डोळ्यावर गॉगल, हातात मोजे, आणि पोरं जवळ नकोत. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो. रात्रभर मुरू द्या, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, ताकाएवढा पातळ करा. मग त्यात फेविकॉल घाला, नाहीतर चपलेला लागून चुना घरभर येतो. गच्ची झाडून, किंचित ओली करून, ऊन चढायच्या आत पहिला हात, संध्याकाळी उलट्या दिशेने दुसरा. तापलेल्या स्लॅबवर मारला तर पोपडे धरतो. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना असाच पांढरा लेप द्यायचा कार्यक्रम घेतला, तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. आमच्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला होता. त्या दिवसांत गल्लीत ज्यांच्या गच्च्या पांढऱ्या होत्या, तेच लोक रात्री खाली झोपत होते.

थर्माकोल आतून लावू नका. धग थोडी कमी होते, पण वायरिंग जुनं आहे म्हणता आणि थर्माकोल भसकन पेटतो. त्याच वायरिंगवरून आणखी एक सांगतो. कूलरची बॉडी लोखंडी असेल तर अर्थिंग आजच तपासून घ्या. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, बहुतेक वेळा ओल्या फरशीवर अनवाणी पायाने पाणी भरताना. सासूबाईंना तर कूलरला हात लावू देऊ नका.

लातूरची सुमन

ओव्हरसिअर काकांनी पश्चिमेच्या खिडकीचं काहीच सांगितलं नाही. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा लावून काय उपयोग? पडदा तापतो, मग खोली तापते. आडोसा बाहेरून हवा. बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट बाहेरून लावा, खिडकीपासून वीतभर लांब, म्हणजे मधून हवा खेळते. कूलर त्याच खिडकीत आहे, तर नेट त्याच्याही वरून पुढे काढा. उन्हात तापलेल्या पत्र्यातलं पाणी गार हवा कुठून देणार? फक्त ताट्यांना चिकटवू नका, कूलरचा श्वास अडतो.

आमचं गावाकडचं धाब्याचं घर होतं. दोन हात रुंद भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. सकाळी आठला आजी सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची, थेट दिवेलागणीला उघडायची. भर मे महिन्यात आत गोधडी लागायची म्हणणारे लोक फेकतात, पण पंख्याशिवाय दुपारची झोप व्हायची हे खरं. आता बंगला बांधलाय, मोठ्या काचा लावल्यात, आणि दुपारभर एसी. असो.

डोंबिवलीकर

सुमनताई, बरोबर. पण पहिल्या पावसात चुना धुऊन जाणार. दर वर्षी हा उद्योग करण्यापेक्षा तयार पांढरा रंग मिळतो, तो एकदाच मारावा.

जुना ओव्हरसिअर (नागपूर)

स्वतःचं घर असेल तर जरूर मारा, किंवा पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक करून घ्या, वर्षानुवर्षं टिकतो. भाड्याच्या घराला कशाला? त्यांना नवतपा काढायचाय, २५ मेच्या आसपास तो सुरू होईल. चुना धुपला तर धुपू द्या, नागपूर-अकोल्याकडे डिसेंबरात तापलेली गच्ची हवीच असते.

सुमनताई, खिडकीचं तुम्ही मनातलं बोललात. आजींचं वेळापत्रकही बरोबर, फक्त कूलर चालू असेल तेव्हा हवेला वाट ठेवायची.

वऱ्हाडची सून (अकोला)

काका, पट्टीचा प्रयोग करून पाहिला. आधी सरळ लोंबत होती. उत्तरेची खिडकी पूर्ण उघडली आणि स्वयंपाकघराचं दार लावलं, तशी बाहेर फडफडायला लागली. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "आता कसं मोकळं वाटून राहिलं." कॅलेंडर अजून वाकडंच आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर कूलरच्या सॉकेटला अर्थिंगची तारच नव्हती! त्याने ओढून दिली, पैसे आम्हीच दिले.

घरमालक चुन्याला हो म्हणाले, मात्र पावसात गच्चीचे पाइप तुंबले तर जबाबदारी आमची, असं बजावून सांगितलं. शिवाय वर काळी सिंटेक्सची टाकी आहे. संध्याकाळी नळ सोडला की उकळतं पाणी येतं, आणि तेच आम्ही कूलरमध्ये भरतो. टाकीला चुना चालेल का?

जुना ओव्हरसिअर (नागपूर)

टाकीच्या प्लास्टिकला चुना धरत नाही, चार दिवसांत पोपडे. तिला पोती गुंडाळून सुतळीने बांधा किंवा वर शेडनेटचा मांडव घाला. नेट घट्ट बांधा, वळिवाचा वारा मांडव उचलून शेजारच्या गच्चीवर नेतो. कूलरमध्ये गरम पाणी गेलं तर फार घाबरू नका, ताट्यांवरून फिरता फिरता थोड्या वेळात निवतं. पंखा लावण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. तिथलं पाणी जड असेल, तर घासताना ताट्यांवरचे क्षारही उतरवा.

पाइपांचं म्हणाल तर चुना मारताना तोंडावर फडकं कोंबा आणि भोवती वीतभर जागा कोरी सोडा. काम झाल्यावर फडकं आठवणीने काढा, घरमालकाला निमित्त नको.