मदत हवी आहे: साडेसात महिन्यांत झालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. वहिनीचं बीपी फार वाढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, म्हणून ३३व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. बाळ १,७०० ग्रॅमचं. आता घरी आणलंय. वाटी-चमच्यानं आईचंच दूध घेतं, दिवसभर वहिनीच्या छातीशी बांधलेलं असतं.

डॉक्टर म्हणाले, आईची आयजीजी प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळाकडे जातात ती बहुतेक शेवटच्या आठवड्यांत, म्हणून याला कमी मिळाली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. त्यात झडी लागलेली, घरात सर्दी-खोकला, आणि आजीचा घुटीचा हट्ट. घुटी मी देऊ देणार नाही.

पेंटाव्हॅलंट लस (पाच आजारांवरची एकत्र) सहा आठवड्यांनाच द्यायची की वजन वाढेपर्यंत थांबायचं? आशाताई वेळेवरच द्या म्हणतात. पाहुण्यांना तुम्ही किती दिवस लांब ठेवलं? कोणी बालरोगतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा.