अंगाला माशासारखा वास, आंघोळीने जातच नाही

प्रश्न:
घासूनपुसून आंघोळ केली तरी माझ्या घामाला सडलेल्या माशासारखा वास येतो असं लोक म्हणतात, मला स्वतःला काही म्हणजे काही जाणवत नाही. पाळीच्या आसपास जास्त येतो म्हणे. मीटिंगमध्ये मी बसले की शेजारची खुर्ची हळूच सरकते. स्किनच्या डॉक्टरांनी पावडर दिली, शून्य फरक. नेटवर ट्रायमिथाइलअमिनुरिया वाचलं, ते असू शकतं का? घरात तर कुणालाच नाहीये.

प्रतिसाद १:
असू शकतं. अंडी, सोयाबीन, लिव्हर वगैरेमधलं कोलीन नावाचं पोषकद्रव्य आतड्यातले बॅक्टेरिया फोडतात, त्यातून ट्रायमिथाइलअमीन तयार होतं, वास त्याचाच. एरवी लिव्हरमधलं एफएमओ३ एन्झाइम त्याचा वास मारून टाकतं, पण त्या एन्झाइमचं जीन आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं की तो माल तसाच घाम, श्वास, लघवीतून बाहेर पडतो. आईवडील नुसते कॅरियर, म्हणजे बिघडलेलं जीन एकच, त्यांना बहुतेक वेळा काही होत नाही. आणि वास मुळात कातडीवर तयारच होत नाही तर पावडर काय करणार!

प्रतिसाद २:
टेस्ट लघवीची असते, मेटाबॉलिक किंवा जेनेटिक्सवाल्या डॉक्टरांना विचारा. आधीच अंडी-मासे सोडून टेस्टला जाऊ नका हं, रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो. कार्निटीनच्या गोळ्या चालू आहेत का? लिव्हर-किडनीचं काही?

प्रतिसाद ३:
मला हे आहे. मुळापासून जात नाही पण आटोक्यात राहतं. समुद्राचे मासे पूर्ण बंद, गोड्या पाण्यातले चालतात. कोबी-फ्लॉवरही कमी. साबण ५.५ ते ६.५ पीएचचा, कारण हे अमीन अल्कलाइन असतं, आम्लाने त्याचं सॉल्ट बनतं आणि धुऊन जातो, सगळ्यात जास्त फरक मला त्याने पडला. वास फारच वाढला तर डॉक्टर थोडे दिवस मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक देतात. कोलीन मात्र मनाने तोडू नका, प्रेग्नन्सीत तर अजिबात नाही.

प्रश्नकर्ती:
थांबा थांबा, कार्निटीन? मी जिमसाठी घेते की ते! कुणी विचारलंच नाही आत्तापर्यंत.

प्रतिसाद २:
मग आधी ते बंद करा. त्यातूनही हेच अमीन बनतं, आणि एफएमओ३ जरासं कमजोर असलं तरी एवढ्या लोडने वास सुटतो. वास सुरू कधी झाला, गोळ्यांच्या आधी की नंतर?