मदत हवी आहे: डॉर्सेटच्या किनाऱ्यावरून बांगडे गरवायचेत

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये लेकीकडे ब्रिस्टलला चाललोय. एक वीकेंड दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या चेसिल बीचवर काढायचं ठरतंय, सोबत आठ वर्षांचा नातू. परवान्याचं कळलं: इंग्लंडात रॉड लायसन्स गोड्या पाण्याला आणि सामन-ट्राउट माशांना लागतं, किनाऱ्यावरून बांगडे गरवायला नाही. बास मासा मात्र ४२ सेंटीमीटरच्या खालचा असेल तर परत सोडायचा.

अडलंय जागेवर. हा किनारा सुमारे २९ किलोमीटरचा, नुसते गोटे. वेस्ट बेच्या टोकाला वाटाण्याएवढे, पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढे. (अंधारात होडी लागली तरी गोटे चाचपून कुठे आलो ते कोळ्यांना कळतं म्हणे!) काठालाच पाणी खोल, म्हणजे गळ फार लांब फेकायला नको. पण उतार तीव्र, परतणारी लाट पाय ओढते. पोराला घेऊन कुठल्या टोकाला बसावं? की सरळ एखादा धक्का गाठावा?

दुसरं, गळाची दांडी इथून न्यावी की तिथे घ्यावी? माझी घडीची दांडी चेक-इन बॅगेत मावते, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि शिसंही आहे. पिसांच्या गऱ्या तिथेच घेईन. सहा गऱ्यांची माळ मिळते, पण पोर जवळ असताना तीनच ठेवणार.

आणि तिथे बांगड्याला उधाण (मोठी भरती) बरं की भांग (लहान भरती)? आपल्याकडचे आडाखे तिथे चालतात का? वीव्हर नावाचा विषारी काट्यांचा मासा कुणाला लागलाय का? काटा टोचला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात धरायचा एवढं माहीत आहे, म्हणून थर्मास नेतोच आहे.

तिकडे राहणाऱ्यांनी जरूर सांगा.