घरच्या मास्टरिंगसाठी आपोआप मांडणी करणारे सॉफ्टवेअर घ्यावे का?

फोंड्याचा घुमटवादक:
गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरील घुमट-आरतीचे (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेल्या आरतीचे) ध्वनिमुद्रण मी घरच्या संगणकावर मिक्स केले (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवले) आणि मास्टरिंगसाठी, म्हणजे त्या मिक्सचा एकूण आवाज व पातळी शेवटची नीट करण्यासाठी, आपोआप मांडणी करून देणारे एक सशुल्क सॉफ्टवेअर वापरले. आवाज मोठा झाला, पण घुमटाचा जीव गेला. उजव्या हाताची बोटे चामड्यावर पडत असताना डाव्या तळव्याने मडक्याचे लहान तोंड झाकले-उघडले की जो घुमारा उमटतो, तो त्या सॉफ्टवेअरने गढूळपणा समजून कापला आणि शामेळ या चर्मवाद्यावरील काठ्यांचे टोकदार आघात लिमिटरखाली (आवाजाची शिखरे ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या साधनाखाली) चेपले. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ६० दिवस वापरून पाहता येणारे आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळणारे रीपर हे मुद्रण-मिक्सिंगचे सॉफ्टवेअर, लाउडमॅक्स हा मोफत लिमिटर आणि यूलीनचा मोफत लाउडनेस मीटर (आवाजाचा मोठेपणा मोजणारा) एवढ्यावर घरचे काम उत्तम होते.

म्हापशेकर:
आपल्या आरतीचे वाईट वाटले, पण निष्कर्ष मला पटत नाही. अशा सॉफ्टवेअरचे नमुने पॉप, रॉक, हिप-हॉप अशा संगीतावर बेतलेले असतात; घुमट त्यांच्या ओळखीचा नाही, म्हणून त्यांची पहिली मांडणी जशीच्या तशी स्वीकारायची नसते. मी ओझोन हे मास्टरिंगचे सॉफ्टवेअर वापरतो. त्यातील आपोआप मांडणी सुचवणारा मास्टर असिस्टंट २०१७ साली आठव्या आवृत्तीत आला. त्याने लावलेला इक्वलायझर (खर्ज ते तीव्र स्वरांचे प्रमाण बदलणारे साधन) मी निम्म्यावर आणतो, लिमिटर तर पुन्हा स्वतःच लावतो. माझ्या खोलीत लादी आहे, भिंती उघड्या आहेत, कोपऱ्यात खर्ज नको तितका फुगतो. तिथे स्वतःच्या कानांवर विसंबून मी दोनदा फसलो आहे, त्यामुळे दुसरे मत पैसे देऊनही घ्यावे असे मला वाटते.

फोंड्याचा घुमटवादक:
खोलीचा मुद्दा मान्य. मात्र ते दुसरे मत स्पॅन या, आवाजातील खर्ज ते तीव्र स्वरांचा आलेख दाखवणाऱ्या मोफत विश्लेषकातूनही मिळते. आपल्याला आवडणारे घुमटाचे एखादे चांगले मुद्रण शेजारी ठेवून दोन्हींचे आलेख पाहावेत. माझा खरा आक्षेप आवाज फुगवण्याला आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या मांडणीत गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा) पातळीला आणते. उणे ८ वर नेलेले गाणे तिथे ६ डेसिबलने खाली येते, पण चेपलेला आघात परत येत नाही.

डिचोलीची गायिका:
दोघांनाही एक विचारते: आपली आरती नेमकी कुठे वाजणार आहे? मंडपात पेन ड्राइव्हवरून एकामागून एक गाणी लागतात तेव्हा पातळी समान करणारे कोणी नसते, आणि उणे १४ वर ठेवलेली माझी दोन भजने तिथे शेजारच्या गाण्यांपुढे अगदी दबून गेली. ॲपल म्युझिकची पातळी तर उणे १६ आहे. त्यामुळे कोणत्याही एका आकड्याला चिकटून राहणे मला चुकीचे वाटते. मंडपासाठी मी उणे ११ च्या आसपास वेगळी प्रत काढते, खरे शिखर (आवाजाचा सर्वांत उंच क्षण) उणे १ डेसिबलवर रोखते आणि कांसाळे ही झांज कर्कश झाले की लगेच मागे येते. ही पारख कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही, मग ते मोफत असो वा महागडे.

म्हापशेकर:
मंडपाचा विचार मी केला नव्हता. फोंडेकर, आपल्या आरतीचे मास्टरिंगपूर्वीचे मिक्स २४ बिटमध्ये (आवाजाचे बारकावे जास्त राखणाऱ्या स्वरूपात), मास्टर चॅनेलवर (सगळे आवाज शेवटी एकत्र येतात तिथे) लिमिटर न लावता पाठवा. मी ते असिस्टंट बंद ठेवून ओझोनमध्ये करतो, आपण रीपरमध्ये करा, आणि दोन्ही प्रती एकाच पातळीवर आणून कोणती कोणाची हे न सांगता डिचोलीच्या ताईंना ऐकवू.