सिस्टिमॅटिक, स्कोपिंग की साधा साहित्य आढावा: पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रकरणासाठी कोणता?

शोधयात्री_नर्सिंग
नमस्कार मंडळी. विषय: शाळकरी मुलींना दर आठवड्याला मिळणारी लोह-फोलिक ॲसिडची गोळी आणि ॲनिमिया. गाईड म्हणतात सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने सगळे अभ्यास शोधून, तपासून केलेला आढावा) करा, समितीतले एक सर म्हणतात स्कोपिंग (कशावर काय काम झालंय याचा नकाशा) पुरे. गूगल स्कॉलरवरून ढीगभर पीडीएफ झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) भरून ठेवल्यात, पण कधी काय शोधलं याची नोंद नाही. आता प्रिझ्माची आकृती (किती पेपर मिळाले, किती वगळले हे दाखवणारी) जोडून याला सिस्टिमॅटिक म्हणता येईल का? काम एकटीनेच करायचंय.

आढावेकर
नाही म्हणता येणार. आकृती हा झालेल्या कामाचा हिशेब असतो. काम झालंच नसेल तर हिशेब कशाचा देणार?

आधी प्रश्न ठरवा, प्रकार त्यातूनच निघतो. तुमच्याच विषयात तीन वेगळे प्रश्न आहेत. गोळीने हिमोग्लोबिन वाढतं का, आणि किती? हा परिणामाचा प्रश्न, इथे सिस्टिमॅटिक, आणि आकडे जुळले तर मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एकच आकडा काढणं. मुली गोळी मध्येच का सोडतात? यासाठी मुलाखती आणि गटचर्चांवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासांचं संश्लेषण लागेल. या कार्यक्रमावर आजवर कुठे, कोणत्या पद्धतीने, कशाकशावर काम झालंय? हे स्कोपिंग. त्याची मूळ चौकट आर्क्सी आणि ओ'मॅली यांची, २००५ ची. अहवाल लिहिताना प्रिझ्माची स्कोपिंगसाठीची २०१८ ची यादी वापरा. अभ्यासांचा दर्जा तपासणं स्कोपिंगमध्ये सहसा सक्तीचं नसतं. म्हणूनच त्यावरून 'गोळी उपयोगी आहे' असा निष्कर्षही काढता येत नाही. बरेच प्रबंध नेमके इथेच घसरतात.

नुसत्या दुसऱ्या प्रकरणासाठी नीट बांधलेला नॅरेटिव्ह, म्हणजे साधा वर्णनात्मक आढावा चालतो, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला सिस्टिमॅटिक म्हणू नका.

संदर्भसेवक
ग्रंथालयाच्या बाजूने थोडं.

गूगल स्कॉलर एका शोधाचे पहिले हजारच निकाल दाखवतं आणि आजचा शोध महिन्याभराने तसाच मिळत नाही. त्यामुळे तो पूरक म्हणून ठेवा. मुख्य शोध पबमेड आणि स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसवर करा. अप्रकाशित प्रबंधांसाठी शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन साठा आहेच.

शब्दांचे गट पाडा: मुलगी, किशोरवयीन, विद्यार्थिनी हे सगळे 'ऑर'ने जोडा, लोह, फेरस, आयएफए (लोह-फोलिक ॲसिडचं लघुरूप) हा दुसरा गट, मग दोन्ही गट 'अँड'ने. 'नॉट' शक्यतो टाळाच. गरोदर स्त्रिया वगळायला 'नॉट प्रेग्नंट' टाकलंत की मुली आणि गरोदर स्त्रिया दोन्हींवरचा पेपरही उडतो. ॲनिमियाचं स्पेलिंग ब्रिटिशांचं 'एई'ने, अमेरिकनांचं नुसत्या 'ई'ने, दोन्ही घ्या. पबमेडमध्ये अवतरणचिन्हं किंवा ताराचिन्ह वापरलं की त्या शब्दाचं मेशशी (पबमेडची ठरावीक विषय-संज्ञांची यादी) आपोआप होणारं जुळवणं बंद पडतं, म्हणून मेशची संज्ञा वेगळी टाका. प्रत्येक शोधाची तारीख, डेटाबेस, पूर्ण शब्दरचना आणि निकालसंख्या एक्सेलमध्ये त्याच वेळी लिहून ठेवा.

जमवलेल्या पीडीएफ वाया जात नाहीत. त्यांतले हमखास समाविष्ट होतील असे दहाएक पेपर बाजूला काढा आणि नवा शोध ते सगळे पकडतो का बघा. एखादा सुटला तर त्याच्या शीर्षकात आणि सारांशात कोणते शब्द आहेत ते पाहून शब्दरचना दुरुस्त करा.

शोधयात्री_नर्सिंग
धन्यवाद! परिणामाचाच प्रश्न घ्यायचा म्हटला तर एकटीने जमेल का?

आढावेकर
अभ्यासांची निवड दोघांनी, एकमेकांचं न बघता करायची असते. पूर्णवेळ जोडीदार नसेल तर सहकाऱ्याकडून किमान सारांशांचा एक हिस्सा स्वतंत्रपणे तपासून घ्या, कुठे मतभेद झाले ते लिहा आणि ही मर्यादा प्रबंधात उघड मांडा. प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याचा आराखडा, काम सुरू करण्याआधी प्रॉस्पेरो या नोंदणी-संकेतस्थळावर नोंदवा. स्कोपिंग तिथे घेत नाहीत, ते ओएसएफ या खुल्या संशोधन-संकेतस्थळावर टाकतात.

आकृतीतली बेरीज-वजाबाकी जुळलीच पाहिजे. समजा ६४० नोंदी मिळाल्या, १९० दुहेरी निघाल्या, ४५० उरल्या. सारांश वाचून ४०२ वगळल्या, ४८ राहिल्या. ३ चा पूर्ण मजकूर मिळाला नाही, ४५ वाचल्या, २९ वगळल्या, १६ समाविष्ट. त्या २९ ची कारणं संख्येसकट द्यायची. सारांशांवरून वगळलेल्या ४०२ ची नाही. आणि एकाच अभ्यासावर दोन पेपर असतील तर ते दोन अभ्यास म्हणून मोजू नका. १६ पेपर म्हणजे कदाचित १४ च अभ्यास.

सांख्यिकीवाला
मेटा-ॲनालिसिसची घाई नको. एका पेपरमध्ये सरासरी हिमोग्लोबिन, दुसऱ्यात ॲनिमिक मुलींची टक्केवारी. हे आकडे थेट एकत्र करता येत नाहीत. रक्त कसं घेतलं हेही माहिती-तक्त्यात वेगळ्या रकान्यात टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बोटातून रक्त घेतलं आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत ॲनिमिया ५९.१ टक्के आला. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून घेतलं, तिथे १० ते १९ वयाच्या मुलींत तो सुमारे ४० टक्के होता. वयोगट वेगळे आहेत हे खरं, पण मोजण्याच्या पद्धतीचा वाटाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. असे अभ्यास सरसकट मिसळले तर आय-स्क्वेअर (अभ्यासांच्या निकालांत किती तफावत आहे ते दाखवणारा आकडा) भरमसाट वाढतो. तसं झालं तर एकत्रित आकडा देण्यापेक्षा शिरेतलं रक्त आणि बोटातलं रक्त असे उपगट करा. प्रत्येक उपगटात दोन-तीनच अभ्यास उरत असतील तर सरळ तक्ता देऊन शब्दांत संश्लेषण लिहा. तोही सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच असतो.